व्यालेली गाय का बसते? रक्तातल्या कॅल्शिअमचे प्रयोग आणि तलवाड्याचा गोठा

तिसऱ्या-चौथ्या वेताची संकरित गाय संध्याकाळी सुखरूप व्याली. वासरू उभे राहिले, कासेला लागले, चीकही बादलीभर निघाला. पहाटे गोठ्यात पाहावे तर गाय बसलेली. उठवू गेले तर मागचे पाय साथ देत नाहीत. कान गार, मुस्कट कोरडे, मान कुशीकडे वळवलेली. रवंथ बंद, शेण नाही. अंगात ताप नसतो, उलट अंग थंड पडत जाते. हाच दुग्धज्वर, ज्याला सगळे पशुपालक आता मिल्क फिव्हर म्हणतात. रक्तातले कॅल्शिअम एकदम उतरल्यामुळे तो होतो. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर काही तासांत गाय दगावते.

गाय बसण्याचे कारण शंभर वर्षांपासून माहीत आहे. पण कॅल्शिअम नेमके का उतरते, उतरल्यावर शरीरात काय काय बिघडते आणि ते आधीच कसे रोखायचे, हे हळूहळू कळत गेले. त्यासाठी शास्त्रज्ञांनी निरोगी गाईंच्या रक्तातले कॅल्शिअम देखरेखीखाली मुद्दाम कमी करून पाहिले. अशा प्रयोगांच्या ठरावीक पद्धतींना प्रायोगिक मॉडेल म्हणतात. ती प्रयोगशाळेत घडली, पण प्रत्येकातून गोठ्यात उतरवता येईल असे काहीतरी हाती लागले आहे.

तलवाड्याचा चारा, तलवाड्याची गाय

त्वरिता देवीचे तलवाडा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले गाव. तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते आणि पैठणचा उजवा कालवा याच तालुक्यातून माजलगावकडे जातो. पाणी असेल तिथे ऊस, नसेल तिथे कापूस, तूर, बाजरी, ज्वारी. त्यामुळे दावणीतला चाराही ठरलेला: ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमाड, ऊसतोडीच्या हंगामात उसाचे वाढे, जोडीला सरकी पेंड आणि भुसा.

पूर्वी या भागात देवणी आणि लाल कंधारी गाई जास्त असत. त्यांचे दूध बेताचे, त्यामुळे व्यायल्यावर रक्तातून कॅल्शिअमचा उपसाही बेताचा. आता दूध संकलनाच्या जोरावर होल्स्टिन आणि जर्सीच्या संकरित गाई गोठ्यांत आल्या. दूध वाढले, पण गाभणकाळातला चारा आणि सांभाळ तोच राहिला. दुग्धज्वर वाढायला हीच तफावत पुरते.

आणखी एक गोष्ट या जिल्ह्याची खास. दिवाळीच्या सुमारास बीडमधली हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मागे राहिलेले म्हातारे आई-वडील आणि शाळकरी मुले गोठा सांभाळतात. ज्या आजारात तासांचा हिशेब असतो, त्याची पहिली लक्षणे या माणसांना ओळखता आली पाहिजेत.

ग्रॅमचा हिशेब

चार-साडेचारशे किलोच्या गाईच्या अंगात पाच-सहा किलो कॅल्शिअम असते. त्यातले ९८ टक्क्यांहून अधिक हाडांत आणि दातांत. रक्तद्रवात फिरते ते अवघे अडीच-तीन ग्रॅम. निरोगी गाईच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण ८.५ ते १० मिलिग्रॅम कॅल्शिअम असते. ते ८ च्या खाली गेले की कमतरता सुरू झाली असे धरतात. साडेपाचच्या खाली गेले की बहुतेक गाई बसतात.

आता उपसा पाहू. एक लिटर चिकात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शिअम असते, नंतरच्या दुधात लिटरला सव्वा ग्रॅमच्या जवळपास. व्यायल्याच्या दिवशी दहा लिटर चीक काढला तर वीस ग्रॅम कॅल्शिअम कासेतून बाहेर गेले, म्हणजे रक्तात एका वेळी असते त्याच्या सात-आठ पट. व्यायच्या आदल्या दिवशी पोटातल्या वासराला दिवसाकाठी दहा ग्रॅमच्या आसपास लागत होते. एका रात्रीत मागणी अशी वाढते.

ही मागणी भागवण्याची सोय शरीरात आहे. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींना रक्तातली घट लगेच कळते. त्या संप्रेरक सोडतात. त्याने मूत्रपिंडे लघवीवाटे जाणारे कॅल्शिअम अडवतात, हाडांतून कॅल्शिअम सुटू लागते आणि ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप तयार होऊन आतडी चाऱ्यातले कॅल्शिअम जास्त शोषतात. पण हाडे आणि आतडी पूर्ण जोमाने कामाला लागायला एक-दोन दिवस जातात. विहीर काठोकाठ भरलेली असावी आणि मोटार मात्र परवा चालू व्हावी, तशी व्यालेल्या गाईची गत असते. वय वाढेल तशी ही यंत्रणा आणखी संथ होते, म्हणून पहिलारू कालवड सहसा बसत नाही आणि तिसऱ्या वेतापुढची गाय बसते.

कासेत हवा भरण्यापासून कॅल्शिअमच्या बाटलीपर्यंत

एकोणिसाव्या शतकात युरोपात या आजाराने बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक मरत. १८९७ मध्ये डेन्मार्कमधल्या कोल्डिंगचे पशुवैद्य श्मिट यांनी बसलेल्या गाईच्या कासेत पोटॅशिअम आयोडाइडचे द्रावण सोडले. रोगाचे विष कासेत तयार होते, असा त्यांचा समज होता. गाई उठू लागल्या. थोड्याच वर्षांत कळले की औषधाची गरजच नाही, कासेत नुसती हवा भरली तरी गाय उठते. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले, पण गाय का उठते हे कुणालाच सांगता येत नव्हते.

उत्तर १९२५ मध्ये मिळाले. एडिंबरोच्या ड्रायर आणि ग्रेग यांनी हा आजार रक्तातल्या कॅल्शिअमच्या कमतरतेचा आहे असे मांडले, आणि त्याच वर्षी लिटल आणि राइट यांनी आजारी गाईंच्या रक्तात कॅल्शिअम खरोखरच उतरलेले असते हे मोजून दाखवले. हवेचे कोडेही सुटले. कास ताणली गेली की दूध तयार होणे थांबते, दुधाबरोबर कॅल्शिअमचा उपसा थांबतो आणि रक्ताला सावरायला वेळ मिळतो. पुढे कॅल्शिअम बोरोग्लुकोनेट आले. आज गावोगावचे डॉक्टर शिरेतून देतात ती बाटली त्याचीच. कासेत हवा भरणे आता कुणी करू नये, त्याने सडांतून जंतू आत जातात आणि दगडी, म्हणजे कासेचा दाह, होते. पण उपसा थांबवला की गाय सावरते, हा धडा तेव्हापासून पक्का झाला.

मॉडेल कशासाठी लागते?

गाय व्याली की तिच्या शरीरात एकाच वेळी बरेच काही बदलते. संप्रेरके बदलतात, खाणे घटते, अंगातली चरबी वितळू लागते, गर्भाशयाला सूज असते. पुढच्या आठवड्यात तिला दगडी झाली, झार अडकली किंवा गर्भाशयात पू झाला तर दोष कॅल्शिअमचा की बाकीच्या बदलांचा, हे वेगळे काढता येत नाही. शिवाय कोणती गाय कोणत्या रात्री बसणार हे आधी माहीत नसते, त्यामुळे बसण्याआधीच्या तासांत तिच्या रक्तात काय चालले होते याची नोंद राहत नाही.

म्हणून संशोधकांनी प्रश्न सुटा केला. न व्यायलेल्या गाईचे फक्त कॅल्शिअम कमी केले तर काय होते? आणि व्यायला टेकलेल्या गाईच्या फक्त चाऱ्यात बदल केला तर काय होते? या दोन प्रश्नांभोवती मॉडेलांचे मुख्य प्रकार उभे राहिले.

पहिला मार्ग: शिरेतून कॅल्शिअम बांधून टाकणे

ईडीटीए हे रसायन कॅल्शिअमच्या कणांना घट्ट धरून ठेवते. रक्त गोठू नये म्हणून तपासणीच्या नळ्यांत ते वापरतात ते याच गुणामुळे. १९६० च्या दशकापासून संशोधक ते गाईच्या शिरेत थेंबथेंब सोडून रक्तातले मोकळे कॅल्शिअम ठरावीक वेगाने उतरवू लागले.

प्रयोग असा चालतो. गाईच्या मानेतल्या मोठ्या शिरेत एका बाजूला रसायनाची नळी, दुसऱ्या बाजूला रक्त काढायची नळी. काही मिनिटांच्या अंतराने नमुना घेऊन कॅल्शिअम मोजतात. एक जण डाव्या कुशीवर स्टेथोस्कोप लावून कोठीपोटाच्या आकुंचनांची मोजणी करत असतो. निरोगी गाईत ती मिनिटाला एक-दोन वेळा होतात. कॅल्शिअम उतरू लागते तसा आधी त्यांचा जोर कमी होतो, मग संख्या. रवंथ थांबते, कानांची टोके गार पडतात, अंगावर बारीक थरथर येते, उभे राहताना गाय मागचे पाय रुंद ठेवू लागते. सगळ्यात शेवटी ती बसते. रसायन थांबवले की काही तासांत ती पूर्ववत होते आणि बऱ्याचदा लगेच चाऱ्याला तोंड लावते.

१९८३ मध्ये डॅनियल या संशोधकांनी याच पद्धतीने दाखवले की कोठी आणि पोटाची हालचाल गाय बसण्याच्या कितीतरी आधी मंदावते. डोळ्यांना गाय ठणठणीत दिसत असते आणि आत पचनाचे काम अडलेले असते. व्यायल्यावर दोन-तीन दिवस गाय नीट खात नाही, शेण कमी टाकते, हे पुष्कळ गोठ्यांत दिसते. त्याचे एक कारण या प्रयोगाने हाती दिले.

डेन्मार्कच्या संशोधकांनी या मॉडेलचा आणखी एक उपयोग केला. त्यांनी गाईचे कॅल्शिअम उतरवले आणि ती स्वतःच्या जोरावर किती वेळात मूळ पातळीवर येते हे मोजले. ज्या गाईची यंत्रणा आधीपासून जागी आहे ती लवकर सावरते, म्हणजे चाऱ्यातल्या एखाद्या उपायाचा खरोखर फायदा होतो का हे व्यायची वाट न पाहता तपासता येते. १९९९ मध्ये कोपनहेगनचे जॉर्गनसेन आणि त्यांचे सहकारी यांनी ईडीटीएच्या अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला.

न दिसणारी कमतरता

ईडीटीए मॅग्नेशिअम आणि जस्त यांनाही धरते. म्हणून नंतरच्या प्रयोगांत ईजीटीए हे त्याचे भावंड वापरले जाऊ लागले. ते कॅल्शिअमला जास्त निवडून धरते. २०१४ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी दूध न देणाऱ्या, गाभण नसलेल्या होल्स्टिन गाईंना ते चोवीस तास शिरेतून दिले. गाय बसेल इतके कॅल्शिअम उतरवायचे नाही, नुसते थोडे खाली ठेवायचे, अशी मांडणी होती. गाई उभ्या राहिल्या, पण त्यांचे खाणे घटले, कोठीची आकुंचने कमी झाली आणि रक्तातल्या संरक्षक पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची आणि मारण्याची ताकद खालावली.

या गाई व्यायलेल्या नव्हत्या, म्हणून दोष दुसऱ्या कशावर ढकलता येत नाही. कॅल्शिअम उतरले तेवढ्यानेच प्रतिकारशक्ती ढिली पडली. त्यात सडाचे तोंड मिटवणारे स्नायूही कॅल्शिअमवरच चालतात. दूध काढल्यावर तोंड उघडे राहिले, गाय खाली बसली आणि गोठ्यात शेण-लघवी साचलेली असली की दगडीला वाट मोकळी होते.

अशा गाई किती असतात? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत व्यायल्यानंतरच्या दोन दिवसांत रक्त तपासले, तेव्हा पहिलारू गाईंपैकी २५ टक्के, दुसऱ्या वेतातल्या ४१ टक्के आणि तिसऱ्या वेतातल्या ४९ टक्के गाईंचे कॅल्शिअम ८ मिलिग्रॅमच्या खाली होते. बसलेल्या गाई त्यातल्या मोजक्याच. आकडे तिथले असले तरी इशारा इथल्या संकरित गाईंसाठीही तितकाच खरा आहे. बसलेल्या गाईसाठी आपण धावपळ करतो. उभ्या गाईचे नुकसान मात्र कमी दूध, दगडी, उशिरा माजावर येणे अशा तुकड्यातुकड्यांनी होते आणि त्याचा धागा व्यायच्या रात्रीपर्यंत कुणी मागे नेत नाही.

दुसरा मार्ग: चाऱ्यातून घडवलेली कमतरता

शिरेतल्या रसायनाने कमतरतेचे परिणाम कळतात, कारण कळत नाही. कारणाचा शोध चाऱ्याच्या प्रयोगांनी लावला.

सरळ विचार असा की कॅल्शिअम कमी पडते म्हणून व्यायच्या आधी भरपूर कॅल्शिअम खाऊ घालावे. नेमके उलटे निघाले. १९५४ मध्ये कॅलिफोर्नियात बोडा आणि कोल यांनी दाखवले की व्यायच्या आधी कॅल्शिअम कमी असलेला आहार दिला तर दुग्धज्वर टळतो. चाऱ्यातून आयते मिळत राहिले की हाडांतून काढण्याची यंत्रणा झोपून राहते. थोडी तंगी असली की ती जागी होते आणि व्यायच्या दिवशी कामाला येते.

नॉर्वेत एंडर आणि डिशिंग्टन यांच्या प्रयोगांतून दुसरा धागा हाती आला: आम्लधर्मी चाऱ्यावरच्या गाई कमी बसतात. १९८४ मध्ये कॅनडात एलियट ब्लॉक यांनी तो नीट पारखला. एका गटाला सोडिअम-पोटॅशिअम जास्त असलेला आहार, दुसऱ्याला क्लोराइड-सल्फेट जास्त असलेला. पहिल्या गटातल्या जवळपास निम्म्या गाईंना दुग्धज्वर झाला, दुसऱ्यातल्या एकीलाही नाही.

मग १९९७ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात गॉफ आणि हॉर्स्ट यांनी जर्सी गाईंच्या आहारात पोटॅशिअम आणि कॅल्शिअम दोन्ही कमी-जास्त करून पाहिले. पोटॅशिअम वाढवले तसा दुग्धज्वर वाढला, कॅल्शिअम वाढवल्याने तितका फरक पडला नाही. पोटॅशिअमने रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि पॅराथायरॉइड संप्रेरकाचा निरोप हाडांना आणि मूत्रपिंडांना नीट कळेनासा होतो. २०१४ मध्ये गॉफ आणि सहकाऱ्यांनी गाईंना ते संप्रेरक टोचून हेच दाखवले. रक्त अल्कधर्मी असलेल्या गाईंनी त्याला कमी प्रतिसाद दिला. मॅग्नेशिअम कमी असले तरी असाच अडसर येतो, कारण संप्रेरक तयार व्हायला आणि त्याचा निरोप पोहोचायला मॅग्नेशिअम लागते.

आपल्या दावणीत पोटॅशिअम कुठून येते? मेथी घास, म्हणजे लसूण घास, आणि भरपूर खत दिलेला कोवळा हिरवा चारा ही त्याची मुख्य ठिकाणे. मळीतही ते बरेच असते. गाभण गाय अशक्त होऊ नये म्हणून शेवटच्या महिन्यात मायेने मेथी घास वाढवला जातो. त्याच्यात कॅल्शिअम आणि पोटॅशिअम दोन्ही जास्त. दूध देणाऱ्या गाईला तो उत्तम, व्यायला टेकलेल्या गाईला मात्र हात राखून द्यावा.

तिसरा मार्ग: कास नसलेली गाय

कॅल्शिअमची घट व्यायल्यामुळे होते की दूध उतरल्यामुळे? हे तपासायला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कास काढलेल्या गाईंचा अभ्यास केला आणि २००२ मध्ये गॉफ आणि सहकाऱ्यांनी तो आधुनिक साधनांनी पुन्हा केला. या गाई व्यायल्या, पण त्यांच्या रक्तातले कॅल्शिअम तसे उतरले नाही. कासेत भरलेल्या हवेने जे सुचवले होते ते इथे सिद्ध झाले.

गोठ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. ज्या गाईला आधी हा त्रास झाला आहे किंवा जी तिसऱ्या वेतापुढची आहे, तिची कास पहिल्या दिवशी पूर्ण रिकामी करू नये. वासराला पहिल्या तासाभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास चीक मिळालाच पाहिजे, त्यात कसूर नको. पण खरवसाच्या हौसेपायी शेवटच्या थेंबापर्यंत कास पिळणे म्हणजे आजाराला हातभार लावणे.

वाढे आणि ऑक्झॅलेट

ईडीटीए शिरेत जे करते तशाच जातीचे काम एक वनस्पतिजन्य पदार्थ पोटात करतो: ऑक्झॅलेट. ते कॅल्शिअमला धरून न विरघळणारे क्षार बनवते, ते शोषले न जाता शेणावाटे निघून जातात. पश्चिम अमेरिकेच्या कुरणांत हॅलोजेटॉन नावाचे ऑक्झॅलेटने भरलेले झुडूप भुकेल्या मेंढ्यांनी खाल्ले की रक्तातले कॅल्शिअम झपाट्याने उतरून कळपच्या कळप दगावल्याच्या नोंदी आहेत.

उसाच्या वाढ्यांत आणि संकरित नेपिअर गवतात ऑक्झॅलेट असते. ते हॅलोजेटॉनइतके घातक नाही. हळूहळू सवय लागलेल्या जनावराच्या कोठीतले जिवाणू त्याचा बराच भाग मोडून टाकतात. पण हंगामात महिनोन्‌महिने नुसते वाढेच पुढ्यात असतील तर कॅल्शिअमची तूट साचत जाते, दूध देणाऱ्या गाईची हाडे झिजतात. २०१९ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हा बहुतेक जनावरांच्या पुढ्यात दिवसचे दिवस ऊसच होता. त्या उसानेच जनावरे वाचली. पण एकाच चाऱ्यावर दीर्घकाळ राहिलेल्या जनावराला क्षारांची जोड लागते, ही जाण तेव्हा हवी होती आणि आजही हवी आहे.

वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडण्याची आपल्याकडची पद्धत योग्य दिशेची आहे, पण ती एकटी पुरत नाही. पाण्यात चुना विरघळतोच कमी, त्यामुळे लिटरभर स्वच्छ निवळीत कॅल्शिअम जेमतेम एक ग्रॅम असते. तेवढे एक लिटर दुधातच निघून जाते. चांगल्या खनिज मिश्रणात साधारण पाचवा हिस्सा कॅल्शिअम असते, म्हणजे ५० ग्रॅम मिश्रणातून दहा ग्रॅम मिळते, शिवाय स्फुरद, जस्त, तांबेही मिळते. वाढ्यांची कुट्टी करावी, कडब्याच्या कुट्टीत मिसळावी आणि दूध देणाऱ्या गाईला रोज खनिज मिश्रण द्यावे.

मॉडेल काय सांगत नाही

ईडीटीए दिलेल्या गाईची यंत्रणा शाबूत असते, म्हणून रसायन थांबताच ती सावरते. खऱ्या दुग्धज्वरात यंत्रणाच प्रतिसाद देत नसते आणि कासेतला उपसा चालूच राहतो. म्हणून प्रयोगातली गाय आपोआप उठली यावरून आपली गाय आपोआप उठेल असे समजू नये. शिवाय हे प्रयोग मुख्यतः परदेशातल्या होल्स्टिन आणि जर्सी गाईंवर झाले. त्यांचे आकडे म्हशींना जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण म्हशीच्या दुधात गाईपेक्षा कॅल्शिअम जास्त असते; आणि म्हशीही व्यायल्यावर बसतात.

असे प्रयोग मनाला येतील तसे करता येत नाहीत. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याखाली संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी, कमीत कमी जनावरे आणि वेदना टाळण्याची तजवीज बंधनकारक आहे. ज्या जनावरांनी हे सोसले त्यांच्यामुळे लाखो गाई वाचल्या. त्यांचे ऋण फेडायचे तर मिळालेले ज्ञान गोठ्यात वापरले पाहिजे.

आटवण्यापासून व्यायपर्यंत

- व्यायच्या दोन महिने आधी गाय आटवावी. वेत कितवे आणि अंदाजे तारीख कोणती हे गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावे.
- शेवटचे तीन आठवडे मुख्य चारा कडबा किंवा वाळलेले गवत असावा. मेथी घास, मळी आणि नुसते वाढे टाळावे. कॅल्शिअमचे टॉनिक या काळात देऊ नये.
- गाय फार लठ्ठ होऊ देऊ नये. लठ्ठ गाय व्यायच्या सुमारास कमी खाते आणि लवकर बसते.
- आधी बसलेल्या गाईसाठी क्लोराइड-सल्फेटचे क्षार खुराकात देण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. त्यांचा परिणाम लघवीचा सामू तपासून पाहतात: एरवी तो ८ च्या आसपास असतो, क्षार लागू पडले की सहा-साडेसहाच्या जवळ येतो. हे क्षार स्वतःच्या अंदाजाने देऊ नयेत.
- व्यायल्यावर लगेच खनिज मिश्रण आणि कॅल्शिअमयुक्त आहार सुरू करावा. जोखमीच्या गाईला व्यायच्या वेळी आणि पुढच्या दिवशी तोंडाने कॅल्शिअम जेल द्यावी, पण ती उभी असेल आणि नीट गिळत असेल तरच.

गाय बसलीच तर

पहिल्या टप्प्यात गाय उभी असते पण अस्वस्थ: मागचे पाय आलटूनपालटून उचलते, थरथरते, दात खाते. दुसऱ्यात ती बसते आणि मान कुशीकडे वळवते. तिसऱ्यात ती आडवी पडते, डोळे निर्जीव होतात. डॉक्टरांना पहिल्याच टप्प्यात बोलवावे. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. तो घरातल्या लहान-थोर सगळ्यांना तोंडपाठ हवा.

तोवर गाईला आडवी पडू देऊ नये. छातीवर बसती ठेवून दोन्ही बाजूंनी भुशाच्या किंवा मातीच्या गोण्यांचा आधार द्यावा, नाहीतर पोट फुगून श्वास कोंडतो. खाली मऊ गवत टाकावे, दोन-तीन तासांनी कूस बदलावी. तोंडाने पाणी, तेल, गूळपाणी काहीही पाजू नये. गिळण्याची ताकद गेलेली असते, ते फुप्फुसात उतरते आणि गाय त्यानेच मरते.

कॅल्शिअमच्या बाटलीत आठ-नऊ ग्रॅम कॅल्शिअम असते. ती शिरेतून सावकाश, किमान दहा मिनिटे घेऊन, हृदयाचे ठोके ऐकत द्यावी लागते. वेगाने गेली तर हृदय थांबू शकते, म्हणून हे काम डॉक्टरांचेच. उपचारानंतर चारांपैकी तीन गाई दोन तासांत उठतात. पण बाटलीतले कॅल्शिअम थोड्या वेळाचे असते, पुढच्या दिवसभरात गाय पुन्हा बसू शकते. म्हणून उठलेल्या गाईवर चोवीस तास लक्ष ठेवावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने तोंडाने कॅल्शिअम द्यावे आणि दूध थोडे थोडेच काढावे. उभ्या, खात्या गाईला खबरदारी म्हणून शिरेतून बाटली लावू नये. रक्तातली पातळी एकदम वर गेली की शरीराची यंत्रणा थांबते आणि दुसऱ्या दिवशी पातळी पहिल्यापेक्षा खाली येते.

पुढचे काम आपल्या मातीत

मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. नॉर्वेच्या आणि आयोवाच्या चाऱ्यावर जे तपासले गेले ते वाढे, कडबा, सरमाड आणि सरकीच्या दावणीवर, संकरित गाई आणि मराठवाडी म्हशींवर तपासण्याची खरी जागा हीच. शिरेत रसायन सोडण्याचीही गरज नाही. गावातल्या व्यायला टेकलेल्या गाईंचा चारा नोंदवावा, व्यायल्यानंतर दोन दिवसांत रक्त तपासावे, पुढच्या महिनाभरातले दूध आणि आजार लिहून ठेवावेत. दूध संकलन केंद्रांनी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांनी मनावर घेतले तर तलवाड्यासारख्या एका गावातूनही कामाची माहिती उभी राहील, आणि मग उसाच्या हंगामात गाभण गाईपुढे किती वाढे टाकायचे याचे उत्तर पशुपालकाला त्याच्या स्वतःच्या चाऱ्यावरून देता येईल.

तोपर्यंत आजच करता येईल असे एक काम आहे. गोठ्यातली जी गाय पुढच्या दोन महिन्यांत तिसरे किंवा त्यापुढचे वेत देणार आहे, तिची तारीख मोजा, शेवटच्या तीन आठवड्यांचा चारा आधीच ठरवा, आणि ऊसतोडीला निघण्यापूर्वी मागे राहणाऱ्या माणसांना वरची लक्षणे समजावून सांगा.